साक्षीची बाटली

आमच्या कॉलेजात रसायनशास्त्राची द्रावणं कोण बनवतं असं कुणी विचारलं, तर विभागातले सगळे प्राध्यापक एका सुरात "आम्ही" म्हणतील. साफ खोटं आहे ते. आम्ही फळ्यावर गणितं सोडवायचो आणि हात झटकून चहाला जायचो. द्रावणं बनवायच्या मावशी. एकतीस वर्षं त्याच बनवत होत्या. हजेरीपटावर त्यांचा हुद्दा प्रयोगशाळा परिचर असा होता, पण मुलं त्यांना बाटलीमावशी म्हणायची, पाठीमागे आणि तोंडावरही. त्या ओ द्यायच्या.

नावामागचं कारण सांगते. मावशी द्रावण तयार करून मोठ्या बाटलीत भरायच्या आणि त्यातलंच थोडं औषधाच्या बाटलीएवढ्या एका तपकिरी बाटलीत काढून ठेवायच्या. बूच मेणाने बंद, वर चिकटवलेल्या कागदावर तारीख, पदार्थ, वजन. परीक्षेचं द्रावण असलं तर त्या कागदावर बाहेरून आलेल्या परीक्षकाची सही घ्यायच्या. ही बाटली पुढे महिनाभर त्यांच्या लाकडी कपाटात उभी असायची. तिला त्या साक्षीची बाटली म्हणायच्या. तिच्या शेजारी बिस्किटांचा पत्र्याचा डबा, आणि त्या डब्यात चिठ्ठ्या. कारण तोंडी सांगितलेलं द्रावण मावशी बनवतच नसत. "चिठ्ठी द्या," एवढंच म्हणायच्या आणि दोरीने बांधलेली पेन्सिल पुढे करायच्या. नवीन आलेले प्राध्यापक नाकाला मिरची झोंबल्यासारखे बघायचे. या बाईचा आमच्यावर विश्वास नाही म्हणजे काय, म्हणायचे. नव्हताच मुळी, आणि तो का असावा?

नोकरीच्या पहिल्याच वर्षी तेव्हाच्या एका सरांनी त्यांना घाईत सांगितलं होतं, त्या भांड्यात थोडं पाणी ओता. भांड्यात तीव्र सल्फ्युरिक ॲसिड होतं. पाण्यात ॲसिड ओतायचं असतं, ॲसिडमध्ये पाणी नाही, हे आमच्या पहिल्या तासाला शिकवतात. मावशी कुठल्याच तासाला बसल्या नव्हत्या. ॲसिड उसळलं आणि उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. चौकशी झाली तेव्हा सर म्हणाले, मी असं सांगितलंच नव्हतं. "हात दोन महिन्यांत बरा झाला," मावशी एकदा मला म्हणाल्या, "पण ते 'सांगितलंच नव्हतं' अजून दुखतं." तेव्हापासून चिठ्ठी आणि तेव्हापासून बाटली.

शिक्षण म्हणाल तर आठवीपर्यंत. पण कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला त्यांनी स्वतःच्या गोल अक्षरात एक तक्ता लिहिलेला होता. कुठल्या पदार्थाचे एका लिटरला किती ग्रॅम घेतले म्हणजे किती ताकदीचं द्रावण होतं, सगळं त्यात. कडक द्रावण पातळ करायचं सूत्र आम्ही चार अक्षरं आणि चार आकडे मांडून शिकवतो आणि तरी वर्षअखेरीला निम्मी पोरं उलटंच करतात. मावशी म्हणायच्या, "कडक थोडं, पातळ फार, गुणाकार दोन्हीकडे सारखा." झालं. मुलं तेच पाठ करून पास व्हायची आणि श्रेय आम्ही घ्यायचो.

काही स्फटिक आपल्या पोटात पाणी धरून असतात. ऑक्झॅलिक ॲसिड त्यातलंच. कोरडं असेल तर पंचेचाळीस ग्रॅम जे काम करतं, त्यालाच पाणीवाले स्फटिक त्रेसष्ट ग्रॅम लागतात. हे मी तासभर रेणू काढून समजावलं तरी मागच्या बाकांवर जांभया यायच्या. मावशी बाटल्या पुसता पुसता म्हणाल्या, "ओला टॉवेल तोललात तर पाणीही तोललं जातं की नाही? मग कोरड्या टॉवेलएवढं कापड हवं असेल तर ओला जास्तच घ्यायला लागणार." मागचा बाक जागा झाला.

घरीही तसंच. तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या दोन खोल्यांत मी एकदा गेले होते. सून माझ्यापुढे गाऱ्हाणं मांडायला टपलेलीच होती. "आमच्याकडे फरशी पुसायचं फिनेलसुद्धा झाकणाने मोजून घालायचं. मी एकदा अंदाजाने ओतलं, तर सासूबाईंनी दारातूनच वास घेऊन सांगितलं, दुप्पट झालंय."

"वासाने नाही गं," मावशी म्हणाल्या, "बादलीतल्या पाण्याच्या रंगाने."

"बघा!" सून म्हणाली, आणि दोघी हसल्या.

मी तेव्हा तात्पुरती प्राध्यापिका. दर वर्षी नेमणूक संपायची, दर वर्षी नव्याने पत्र मिळायचं, आणि ते प्राचार्यांच्या सहीने मिळायचं. तीन वर्षं मी निमूटपणे चिठ्ठ्या दिल्या. चौथ्या वर्षी एके दिवशी पेन्सिल उचलली तर मावशी म्हणाल्या, "राहू द्या बाई. तुम्ही सांगितलं म्हणजे झालं." सगळ्या विभागात ही सवलत माझी एकटीची होती. मी ती मिरवायचे. घरी बहिणीला फोन करून सांगितलं होतं, मला बढती मिळाली म्हणून.

आता त्या परीक्षेकडे येते, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले आहे.

वार्षिक प्रात्यक्षिक परीक्षेत मुलांना ऑक्झॅलिक ॲसिडचं एक द्रावण द्यायचं होतं. त्याची ताकद किती, हे त्यांनी मोजून काढायचं. खुणांच्या काचेच्या नळीतून, म्हणजे ब्युरेटमधून, थेंब थेंब कॉस्टिक सोडा सोडायचा, रंग गुलाबी झाला की थांबायचं आणि आकडा वाचायचा. खरं उत्तर फक्त विभागप्रमुखांना ठाऊक. ते कागदावर लिहून, पाकिटात बंद करून परीक्षकाला देतात. मावशींना मिळते ती फक्त वजनाची चिठ्ठी.

परीक्षेच्या आदल्या सकाळी विभागप्रमुख सर चिठ्ठी घेऊन आले. लिटरला ५.४ ग्रॅम. मावशींनी चिठ्ठी वाचली, ऑक्झॅलिकच्या डबीवरचं लेबल वाचलं, परत चिठ्ठी वाचली. म्हणाल्या, "सर, हे कोरड्याच्या हिशोबाने आहे की पाण्यासकट? आपली डबी पाण्याची आहे."

सर घड्याळ बघत होते. "तुम्ही वजन करा, मावशी. हिशोब मी करतो," म्हणाले आणि निघून गेले.

मी चार हातांवर उभी होते. ब्युरेट धुऊन झाल्या होत्या, नळ बंद होता. शब्दन्‌शब्द ऐकला मी.

मावशींनी चिठ्ठी डब्यात टाकली आणि बरोबर ५.४ ग्रॅम तोललं. परीक्षेच्या चिठ्ठीत बदल करायचा अधिकार त्यांना नव्हता. परीक्षेच्या दिवशी साक्षीची बाटली भरून परीक्षकाची सही घेतली. परीक्षकाने खरं तर आधी स्वतः एकदा प्रयोग करून बघायचा असतो, तसा नियमच आहे. यांनी खुर्चीत बसून तीन कप चहा घेतला आणि मिळालेल्या पाकिटावर विसंबून गुण दिले.

चव्वेचाळीस मुलं. पंचवीस जणांचं वाचन आलं साडेआठ ते आठ पूर्णांक सात. एकोणीस जणांचं आलं बरोबर बारा. पाकिटातल्या कागदावर बारा होतं. पंचवीस मुलांना वाचनाच्या वीस गुणांपैकी शून्य मिळालं. एकोणीस मुलांना वीसपैकी वीस. ही एकोणीस मुलं कोण, हे सांगायला लागू नये, पण सांगतेच. सर रोज सकाळी घरी शिकवणी घेतात. एकोणीसच्या एकोणीस तिथली.

निकालानंतर एक मुलगी माझ्याकडे प्रयोगवही घेऊन आली. ८.६, ८.६, ८.५. तीनदा केलं होतं बिचारीने, आणि नीट केलं होतं. "मॅडम, माझं नेमकं काय चुकलं?" तिने विचारलं. मी नुसती पानं उलटली. वही मिटून ती म्हणाली, "पुढच्या वेळी आधी बाकीच्यांना उत्तर विचारून घेईन." तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. तीन वर्षं आम्ही त्या पोरीला डोळ्यांनी बघून आकडा लिहायला शिकवलं, आणि एका परीक्षेत तिला हे शिकवून मोकळे झालो.

पालकांनी तक्रार केली. मग सरांनी मावशींना केबिनमध्ये बोलावलं आणि टाइप केलेला एक कागद पुढे सरकवला. मावशी तो घेऊन माझ्याकडे आल्या, चष्मा विसरला म्हणाल्या. चष्मा त्यांच्या खिशातच होता. त्यांना तो कागद दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचा होता. "माझ्या नजरचुकीने वजन कमी भरले गेले व त्यामुळे द्रावण पातळ झाले." खाली सहीसाठी जागा. सरांनी तोंडी गोडवा पेरला होता: सही केलीत तर पंचवीस पोरांना सरासरी गुण देता येतील, तुम्हाला नुसती समज मिळेल, दोन वर्षांवर निवृत्ती आली आहे, कशाला चौकशीचं शुक्लकाष्ठ लावून घेता.

"पोरांचं भलं होईल म्हणतात," मावशी म्हणाल्या.

"मावशी, सही करू नका."

"नाही करत. पण बाई, मला एक सांगा. ह्यावर सही केली तर उद्यापासून तराजू माझ्या हातात देतील का?"

"नाही देणार."

"मग एकतीस वर्षं मी काय केलं?" कागदाची घडी करून त्यांनी ती परत सरांच्या टेबलावर नेऊन ठेवली. सरांनी मग चौकशी समिती नेमवली.

समितीत प्राचार्य, सर स्वतः (हो, स्वतः) आणि बाहेरून बोलावलेले एक वृद्ध निवृत्त प्राध्यापक. मला विभागाची प्रतिनिधी म्हणून बसवलं होतं. वृद्ध प्राध्यापकांनी फायली बाजूला सारल्या आणि म्हणाले, बाटली आहे म्हणता ना, मग ती आणा. सगळी समिती प्रयोगशाळेत आली. बुचावरचं मेण, परीक्षकाची सही, सगळं शाबूत. त्यांनी कोट काढला, बाह्या सावरल्या, दहा मिलिलिटर मोजून घेतलं आणि ब्युरेटमधून थेंब थेंब सोडा सोडला. आठ पूर्णांक सहा. परत केलं. आठ पूर्णांक सहा.

"बघा," सर म्हणाले, "मी काय म्हणत होतो? द्रावण पातळ आहे. सिद्धच झालं."

मावशींनी बिस्किटांचा डबा उघडला आणि चिठ्ठी काढून वृद्ध प्राध्यापकांच्या हातात दिली. त्यांनी ती उजेडात धरली.

"हे अक्षर तुमचं?"

"माझंच," सर म्हणाले.

"पाच पूर्णांक चार. म्हणजे तुम्ही पंचेचाळीसने गुणलंत. डबीवर तर पाणी लिहिलंय. त्रेसष्टने गुणायला हवं होतं. बारा यायला साडेसात ग्रॅमच्याही वर लागलं असतं." त्यांनी खिशातल्या एका जुन्या कागदाच्या पाठीवर गणित मांडून दाखवलं. "बाईंनी तुम्ही लिहिलं तेवढंच तोललंय. अगदी काट्यावर."

सर हसले. "कामाचा व्याप, दुसरं काय. होतं असं." वड्याचं तेल वांग्यावर काढू पाहणारा माणूस हसत होता. मावशींच्या नावावर टाइप झाली तेव्हा ती नजरचूक होती आणि तिला सही लागत होती. सरांच्या नावावर आली तेव्हा तो व्याप झाला आणि त्याला हसू पुरलं. प्राचार्यांनी सुटकेचा श्वास टाकला. "चला, म्हणजे मिटलं."

"साहेब, एक विचारू?" मावशी म्हणाल्या. "चव्वेचाळीस पोरांना मी एकाच बाटलीतून द्रावण दिलं. पंचवीस जणांना साडेआठ आलं. आत्ता ह्या मोठ्या सरांनाही तेच आलं. मग एकोणीस जणांना बारा कुठून आलं?"

प्राचार्य घड्याळाकडे बघायला लागले.

"माझ्या बाटलीत बारा नव्हतं. चिठ्ठीतही नव्हतं. ते एकाच कागदावर होतं, आणि तो कागद पाकिटात होता."

आठवीपर्यंत शिकलेल्या बाईने तीन वाक्यांत जे मांडलं, ते आम्हा पदवीधरांपैकी एकाच्याही तोंडून महिनाभरात निघालं नव्हतं. माहीत सगळ्यांना होतं. सरांचे कान लाल झाले. पण सर म्हणजे मुरलेला गडी. आवाज चढवून म्हणाले, "विषय भरकटवू नका. माझी चूक झाली, मी मान्य केली. पण एकतीस वर्षांच्या अनुभवाला ती दिसायला नको होती का? दिसली होती तर मला विचारायला हवं होतं. यांनी विचारलं नाही. हा हलगर्जीपणाच आहे."

"विचारलं होतं," मावशी म्हणाल्या. "कोरड्याच्या हिशोबाने की पाण्यासकट, असं विचारलं. तुम्ही म्हणालात, तुम्ही वजन करा, हिशोब मी करतो."

"मी असं म्हटलंच नव्हतं."

मावशींचा डावा हात उजव्या मनगटावर गेला. डब्यात शोधायचं काही कारण नव्हतं. बोलण्याची चिठ्ठी नसते. त्या माझ्याकडे वळल्या आणि अगदी सहज, पाणी मागावं तसं म्हणाल्या, "बाई होत्या तिथे."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. प्राचार्यांच्या टेबलावर त्या आठवड्यात नेमणुकांची फाइल होती आणि तिच्यावर शिफारस करणार होते सर. हे मला त्या क्षणी माहीत होतं, ते कुणी मला सांगायची गरज नव्हती. वृद्ध प्राध्यापक म्हणाले, "बोला, मॅडम."

"मला नीट आठवत नाही," मी म्हणाले. "मी ब्युरेट धूत होते. नळ चालू होता."

मावशींनी मान हलवली आणि साक्षीच्या बाटलीला परत बूच लावलं.

अहवाल आठ दिवसांत आला. 'गणनेतील किरकोळ त्रुटी' असा शब्दप्रयोग होता, कुणाची ते लिहिलं नव्हतं. चव्वेचाळीसही मुलांना वाचनाचे सरसकट पंधरा गुण. म्हणजे त्या मुलीला पंधरा आणि पाकीट फोडून आलेल्यांनाही पंधरा. एकोणीस जणांचं बारा कुठून आलं, याबद्दल अहवालात अवाक्षर नाही. वृद्ध प्राध्यापकांनी सही करायला नकार दिला असं ऐकलं, पण त्यांच्या नकाराने काही अडलं नाही. परिचराने शंका वेळीच निदर्शनास आणून दिली नाही म्हणून लेखी ताकीद. ताकिदीच्या पत्रावर मावशींनी 'मिळाले, मान्य नाही' असं लिहून सही केली. ते पत्र त्यांच्या सेवापुस्तकात आहे, सगळ्या नोकरीतलं पहिलं आणि शेवटचं. सर पुढे उपप्राचार्य झाले. माझी नेमणूक झाली. पुढे कायमही झाले. आज त्याच विभागाची मी प्रमुख आहे आणि या सगळ्यांना नावं ठेवायला माझी जीभ किती झरझर चालते, हे तुम्ही वाचलंच आहे.

समितीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्रयोगशाळेत गेले. मावशी तराजूची पारडी मऊ फडक्याने पुसत होत्या. रोजच्यासारखं "आलात, बाई?" म्हणाल्या. चेहऱ्यावर राग नव्हता, मी नीट बघितलं. नात परवापासून शाळेत जायला लागली, असंही सांगितलं. मला धीर आला.

"मावशी, दुपारच्या बॅचला ०.१ चा कॉस्टिक सोडा लागेल. एक लिटर."

त्यांनी फडकं बाजूला ठेवलं. खण उघडला, चिठ्ठ्यांची वही काढली, दोरीने बांधलेली पेन्सिल तिच्यावर आडवी ठेवली आणि वही माझ्यापुढे सरकवली.

"लिहून द्या, बाई."

मी लिहिलं. पदार्थ, ताकद, माप, तारीख, सही. त्यांनी चष्मा लावून एकेक आकडा वाचला, चिठ्ठीची घडी केली आणि डब्यात टाकली.